'काही नाही गं, असंच'

आमच्या कॉलेजात देखण्या मुलांपेक्षा उदास मुलांना भाव जास्त होता. हे नव्वदच्या दशकातलं पुणं. उदास मुलगा लांबूनच ओळखू यायचा. वाढलेली दाढी, चुरगळलेला खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, आणि कट्ट्यावर बाकीचे खिदळत असताना चहाच्या ग्लासात बघत बसण्याची एक खास तऱ्हा. कुणीतरी हळूच सांगायचं, "त्याचं ना, काहीतरी झालंय." काय झालंय ते सांगणारीलाही ठाऊक नसायचं. पण तेवढ्यावर त्याची जर्नल्स कुणीतरी पूर्ण करून द्यायचं, पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेची तालीम संपेपर्यंत कुणीतरी त्याच्यासाठी थांबायचं, आणि कुणाच्या तरी डब्यातली अर्धी पोळी-भाजी रोज त्याच्या पोटात जायची. जो मुलगा वेळेवर जेवायचा, आईशी नीट बोलायचा, पास झाल्यावर पेढे वाटायचा, त्याची मात्र "चांगला आहे गं" एवढ्या शेऱ्यावर बोळवण व्हायची. त्या 'चांगला आहे'मध्ये केवढा कंटाळा भरलेला असायचा!

त्या उदास मुलांची टिंगल करायचा माझा विचार नाही. त्यातल्या काहींचं खरोखरच काहीतरी झालेलं होतं. कुणाचे वडील पिणारे होते, कुणाची आई लहानपणी गेली होती. आणि दुःख आवडत्या माणसाला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं? पण दुःख सांगितल्यावर माणूस जवळ येतं हे एकदा कळलं की पुढच्या वेळी माणूस जवळ आणण्यासाठी दुःख काढलं जातं. ती सवय लागते. आणि तुमचं दुःख बघून जे माणूस जवळ आलं, त्याच्या मनात तुमची जागा त्या दुःखापाशीच असते. तुम्ही तिथून उठलात की दोघांनाही चुकल्या-चुकल्यासारखं होतं. अशा नात्यात बरं व्हायची सोयच राहत नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

शबनम गेली, स्टेटस आलं. माझी भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं मध्यंतरी मला तिच्या वर्गातल्या एका मुलाचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस दाखवलं. काळी पार्श्वभूमी, मागे पावसानं ओली झालेली खिडकीची काच, आणि पांढऱ्या अक्षरांत, सगळ्यांना हसवणाऱ्याला 'तू कसा आहेस' हे कुणीच विचारत नाही, अशा अर्थाच्या दोन ओळी. टाकल्याची वेळ रात्री पावणेदोन. मी म्हटलं, "बिचारा." भाची म्हणाली, "थांब मावशी, आधी समजून घे." मग तिनं मला त्यामागची सगळी यंत्रणा समजावून सांगितली. स्टेटस चोवीस तास राहतं. ते कुणीकुणी बघितलं याची यादी टाकणाऱ्याला दिसते. सकाळी उठून तो आधी यादी बघतो. ज्या मुलीनं बघावं असं वाटत होतं तिनं बघितलं का? बघून काही लिहिलं का? लिहिलं तर ते हमखास "काय झालं?" असतं. त्यावर उत्तर येतं, "काही नाही गं, असंच."

भाचीच्या मते हे 'असंच' फार विचारपूर्वक लिहिलेलं असतं. आता एकदा विचारून भागत नाही, पुन्हा विचारावं लागतं. दुसऱ्यांदा विचारलं की तुम्ही अडकलात, कारण आता खोदून खोदून तुम्हीच विचारलेलं असतं. "आम्ही तिघींनी त्या रात्री त्याला विचारलं होतं," ती म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये मोबाइल शेजारी शेजारी ठेवून बघितले. तिघींना सेम टू सेम. 'गं'सकट."

मी हसले. पण मला त्या मुलाचं वाईटही वाटलं. पावणेदोनला जागा होता हे तर खरंच होतं ना. एकटेपणा खरा असल्याशिवाय कुणी एवढा खटाटोप करत नाही. ज्या एकटेपणावर उपाय म्हणून त्यानं ते टाकलं, तो एकटेपणा तीन मुलींनी विचारल्यावर कमी झाला असेल का? मला नाही वाटत. तीन मुलींना त्या काळ्या चौकोनातला मुलगा कळला. तो क्रिकेट बघताना कसा ओरडतो, त्याला कुठल्या विषयात गती आहे, कशावर तो खदखदून हसतो, हे कुणाला कळलं?

आता जी गोष्ट मला खरी सांगायची आहे ती माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीची. तिच्या परवानगीनं सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. तिचं आणि त्याचं जमलं ते हनुमान टेकडीवर. तो सांगायचा, ती ऐकायची. वडिलांचा मार, काकांनी दाबून ठेवलेली गावची जमीन, आधीच्या मुलीनं तोंडावर दिलेला नकार. रोज संध्याकाळी थोडं थोडं. गेट बंद व्हायच्या आत धावतपळत परत आली की ती मला म्हणायची, "त्याला माझ्याशिवाय कुणी नाही गं." डोळे भरलेले असायचे, पण चेहऱ्यावर चक्क अभिमान असायचा. मला तेव्हा तिचा हेवा वाटायचा. एखाद्याचं सगळं जग आपल्यावर तोललेलं असावं, याहून मोठी गोष्ट विसाव्या वर्षी काय असणार?

लग्न झालं. त्याला चांगली नोकरी लागली, कोथरूडला फ्लॅट झाला, मुलगा झाला. वडील थकले आणि निवळले. जमिनीचा निकालसुद्धा लागला, तोही यांच्या बाजूनं. आपल्याकडे जमिनीचे दावे किती पिढ्या चालतात ते बघता हा चमत्कारच म्हणायचा. म्हणजे टेकडीवर सांगितलेल्या यादीतलं एकेक कलम खोडलं गेलं. माणूस सुखी व्हायला हवा होता. तर झालं असं की त्याला नवी कलमं सापडत गेली. साहेब छळतात. पाठ धरते. मित्र पुढे गेले. ती माहेरी जायची ठरली की दोन दिवस आधीपासून चेहरा पडायचा, आणि "तू जा, माझं काय, मी खाईन काहीतरी" सुरू व्हायचं. ती पिशवी भरायची, रिकामी करायची. कितीतरी दिवाळ्या तिनं भाऊबीजेला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यात घालवल्या.

यात त्याला सरळसरळ खलनायक ठरवता आलं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. मीही बरीच वर्षं तसंच धरून चालले होते. पण एक दिवस तिनंच मला फोनवर सांगितलं, ते मी जवळजवळ तिच्याच शब्दांत देते.

"मेथी निवडत बसले होते. हा आला, बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला आणि म्हणाला, 'झालं प्रमोशन.' मी म्हटलं, 'अरे वा, बरं झालं. हातपाय धू, चहा ठेवते.' आणि परत खाली मान घालून मेथी. तो उभा राहिला थोडा वेळ, मग गेला आत. आठवड्यानं आला तो गप्प गप्प. सोफ्यावर बसून पंख्याकडे बघत राहिला. फोडणी जळत होती माझी. मी गॅस बंद केला, पदराला हात पुसले, शेजारी जाऊन बसले, डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, काय झालं सांग. आणि हात फिरवता फिरवता एकदम डोक्यात आलं, प्रमोशनच्या दिवशी मी उठलेसुद्धा नव्हते."

त्यानं तिला दुःख दाखवून जिंकलं होतं हे खरं. पण त्यानंतर इतकी वर्षं तीही दुःखालाच उठत होती. तो आनंदात असला की तिला आपलं काही काम उरलं नाही असं वाटायचं. तिनं हे स्वतःच कबूल केलं. त्यानं शाळेतल्या मित्रांबरोबर ट्रेकला जायला सुरुवात केली, राजगड-तोरणा करून रविवारी रात्री रापलेल्या चेहऱ्यानं हसत घरी आला, तेव्हा तिला आनंद होण्याऐवजी पोटात गोळा आला. हा माणूस तिच्या ओळखीचा नव्हता. पुढचे दोन आठवडे ती त्याच्या खोकल्याची चौकशी करत राहिली. त्याला खोकला नव्हता.

मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला मागाहून वाचायला मिळाला, तेव्हा मेथीची ती जुडी डोळ्यांसमोर आली. जोडप्यांना एकमेकांना आपली चांगली आणि वाईट बातमी सांगायला लावून जोडीदार कसा प्रतिसाद देतो ते त्यांनी टिपलं. वाईट बातमीला मिळणाऱ्या आधारापेक्षा चांगल्या बातमीला मिळणाऱ्या दादेशी नात्याच्या तब्येतीचा संबंध जास्त जवळचा निघाला. पुढे कोण एकत्र राहिलं आणि कोण वेगळं झालं, याच्याशीसुद्धा. आपल्याकडे तर 'सुख के सब साथी' म्हणून सुखातल्या सोबतीला पहिल्यापासून खालच्या रांगेत बसवलेलं आहे. दुःखात जो धावून येतो तोच खरा, हे आपण इतकं घोटलंय की सुखात धावून येणं हीसुद्धा एक कला असते हे कुणी शिकवतच नाही.

बरं, दुःखाला मिळणारी ती माया तरी कायम टिकते का? तर तेही नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन यांनी 1976 मध्ये नैराश्यातल्या माणसाबद्दल मांडलेलं एक चक्र आहे. खचलेला माणूस आजूबाजूच्यांकडून दिलासा मागतो. लोक तो देतात. पण त्याला तो खरा वाटत नाही, दयेपोटी बोलताहेत असं वाटतं, म्हणून तो पुन्हा मागतो. देणारी माणसं थकतात, आतून चिडतात, पण आजारी माणसावर चिडायचं कसं म्हणून तोंडानं गोड बोलत राहतात. बोलणं गोड आणि चेहरा आंबट, हे त्या माणसाला बरोबर कळतं. त्याची शंका खरी ठरते, आणि तो आणखी खचून आणखी मागतो. हे मी पाहिलेलं आहे. माझ्या मैत्रिणीच्या "काय झालं"मधला सूर पंधरा वर्षांत असा बदलत गेला की शेवटी शेवटी तो रेशन दुकानातल्या "नंबर काय?"सारखा यायचा.

उदासपणाचं कौतुक झालं की त्यातून बाहेर पडणं किती अवघड होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. दिलीपकुमार. ओळीनं शोकान्त भूमिका करून त्यांना 'ट्रॅजेडी किंग' ही पदवी मिळाली आणि अख्ख्या देशातल्या बायका त्या पडलेल्या खांद्यांच्या प्रेमात पडल्या. पण त्या भूमिका अंगात मुरून त्यांची स्वतःची मनःस्थिती बिघडली. लंडनमध्ये त्यांनी मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घेतला, आणि सल्ला मिळाला तो हलक्याफुलक्या भूमिका करण्याचा. 2014 साली आलेल्या आत्मचरित्रात हे सगळं आहे. मग त्यांनी 1955 चा 'आझाद' केला, पुढे 1960 मध्ये 'कोहिनूर'. तलवारबाजी, वेषांतरं, माकडचेष्टा. आणि लोकांना तेही आवडलं! गंमत म्हणजे दोन्हींत नायिका होत्या मीनाकुमारी, म्हणजे पुढे ज्यांना 'ट्रॅजेडी क्वीन' म्हटलं गेलं त्या. मला यात मोलाची वाटते ती एक गोष्ट. ज्या उदासपणावर सगळं नाव उभं होतं तो खाली ठेवायची त्यांची तयारी होती. प्रेक्षक राहतील की जातील, ते नंतर बघू. कॉलेजच्या कट्ट्यावरच्या मुलाला एवढं धाडस कुठून आणायचं? त्याचा प्रेक्षक एकच असतो.

पण मुलगे तरी हे का करतात, याचा जरा विचार करायला हवा. मराठी घरात मुलाला रडायची परवानगी साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत असते. नंतर "मुलीसारखा काय रडतोस" सुरू होतं. मित्रांत मनातलं काही बोलायला जावं तर "ए सेंटी" म्हणून टाळी पडते. दोन पेग झाल्यावर थोडी सूट मिळते, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ते विसरायचं असतं. बापाशी बोलण्याचा तर प्रश्नच नाही. मग या मुलाच्या आयुष्यात मोकळं होण्याची एकच खिडकी उरते, ती म्हणजे प्रेयसी. त्यामुळे तिनं मैत्रीण, आई, समुपदेशक आणि रात्रपाळीची नर्स हे सगळं एकटीनं व्हायचं असतं. ती दमली की तो म्हणतो, "तूसुद्धा बदललीस." ज्याला चार मित्रांपाशी रडता येतं, त्याला एका मुलीपाशी रडणं वापरावं लागत नाही.

मुलींचं काय, असं कुणी विचारेल. मुलीही करतात, फक्त त्यांना त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. माझ्या ऑफिसातली एकजण. घरी सावत्र आई, छळ खरा होता. तिची कहाणी ऐकून एक मुलगा पाघळला आणि त्यानं तिला तिथून सोडवलं, कोर्टात जाऊन लग्न केलं, सगळं केलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर घरातल्या प्रत्येक भांडणाचा शेवट एकाच वाक्यावर व्हायचा, "मी नसतो तर कुठे असतीस?" पडदा कुठल्या रंगाचा घ्यायचा यावरच्या भांडणाचासुद्धा. सोडवणारा माणूस हिशेब विसरत नाही. आणि सगळे सोडवणारे निदान प्रामाणिक असतात असंही नाही. आपण किती एकटे आहोत, कुणावर आपला विश्वास उरलेला नाही, घरचे आपल्या बाजूचे नाहीत, हे चारचौघांत मांडून ठेवलं की ते दयाळू माणसाप्रमाणेच सावज हेरणाराही वाचतो. दोघांचा पहिला मेसेज एकच असतो.

आणि या सगळ्याचं एक टोक आहे, त्याबद्दल लाडेलाडे लिहिण्यात अर्थ नाही. "तू गेलीस तर मी स्वतःचं काहीतरी करून घेईन." हे वाक्य ऐकल्यावर कितीतरी मुली नको असलेल्या नात्यात वर्षानुवर्षं थांबलेल्या मी पाहिल्या आहेत. ते खरं असेल की धाक असेल, हे विसाव्या वर्षी ओळखता येत नाही, आणि ओळखायची जबाबदारी तिची नाहीच. खरंच समजायचं, आणि लगेच त्याच्या घरच्यांना, मित्रांना, हॉस्टेलच्या रेक्टरना सांगायचं. गुपित ठेवायचं नाही. 2022 पासून सरकारची 'टेलिमानस' ही सेवा आहे, 14416 या नंबरवर, दिवसरात्र, फुकट, मराठीतूनही बोलता येतं. त्यानंही तिथे फोन करावा आणि घाबरलेल्या मुलीनंही. पण त्याला जिवंत ठेवायचं म्हणून त्याच्याशी लग्न करणं हा उपचार नव्हे. त्याच्या आजाराला प्रशिक्षित माणूस लागतो. प्रेम केल्यानं ते प्रशिक्षण मिळत नाही.

मैत्रिणीकडे परत यायला हवं, कारण तिची गोष्ट वाईट संपलेली नाही. मेथीच्या फोननंतर तिनं ठरवून एक गोष्ट सुरू केली. तो काही चांगलं सांगायला लागला की हातातलं खाली ठेवायचं आणि विचारायचं, "मग? पुढे काय झालं?" सुरुवातीला हे फार कृत्रिम व्हायचं. तो दचकायचा. एकदा तर म्हणाला, "बरी आहेस ना?" दुसरं तिला जास्त जड गेलं, ते म्हणजे पडलेला चेहरा दिसल्यावर न धावणं. "सांगायचं असेल तेव्हा सांग, मी इथेच आहे," म्हणून तिनं कुकर लावायला जायचं. पहिले काही महिने घरात नुसता ताण होता. मग तो स्वतःहून एका समुपदेशकाकडे जायला लागला, वडिलांच्या माराबद्दल. टेकडीवर इतक्या संध्याकाळी सांगूनही ते प्रकरण कधी मिटलेलं नव्हतं, कारण टेकडीवर ते मिटवायला काढलेलंच नव्हतं. गेल्या वर्षी ती दिवाळीला आठवडाभर माहेरी राहून आली. तो रोज रात्री फोन करून तिला आपण काय काय जाळलं ते सांगायचा.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. मावशांना सांगायची हौस असतेच. ओघात मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन यांचा 1997 चा प्रयोगही सांगितला, अनोळखी माणसांना समोरासमोर बसवून छत्तीस प्रश्न विचारायचा. पाऊण तासात त्यांच्यात जवळीक वाढायची. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे दोघांनीही प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं, एकानं सांगायचं आणि एकानं नुसतं ऐकायचं असं नाही. पहिला प्रश्न अगदी साधा, जगातल्या कुणालाही जेवायला बोलावता आलं तर कुणाला बोलवाल. दुसऱ्या माणसासमोर शेवटचं कधी रडलात, हा प्रश्न येतो तिसावा. "आणि तुमच्याकडे," मी म्हटलं, "तो तिसावा प्रश्न पावणेदोन वाजता स्टेटसला पहिलाच लावलेला असतो."

तिला पटल्यासारखं वाटलं. मोबाइल खाली ठेवून ती थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "ते सगळं बरोबर आहे गं मावशी. पण आमच्या वर्गातले जे उदास नाहीत ना, ते सगळे जिमबद्दल बोलतात."

यावर माझ्याकडे काही संशोधन नव्हतं.